नदीत ओंडका टाकला, तर मासा वाढतो का?

मे महिन्यात आमच्या गावालगतच्या नाल्यात पोकलेन उतरलं. हा नाला पुढे धुळ्याच्या पांझरा नदीला मिळतो. तीन दिवसांत त्याची वाकडी वळणं सरळ झाली, तळ एकसारखा खोल झाला, काठच्या बाभळी गेल्या आणि पात्रातले मोठे दगड वर काढून रचले गेले. गाव बघायला लोटलं होतं, मीही होतो, आणि मनापासून आनंदात होतो. विहिरींना पाणी लागणार होतं. त्या गर्दीत भोई गल्लीतले एक आबा उभे होते, वय ऐंशीच्या पुढे. पाण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. सपाट झालेल्या तळाकडे बोट दाखवून म्हणाले, "आते मासा दपतीन कोठे?"

अहिराणीत दपणं म्हणजे लपणं. मासे आता लपतील कुठे, एवढंच आबांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमक्या याच प्रश्नावर कित्येक दशकं काम झालं आहे. तिथला मासा सॅमन. २०२४ मध्ये क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली आणि काही आठवड्यांतच सॅमन वर चढून आले, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. धरण पाडणं ही मोठी गोष्ट झाली. त्याहून शांतपणे चाललेलं दुसरं एक काम आहे: ओढ्यांत मुद्दाम ओंडके आणि दगड टाकून सॅमनच्या पिल्लांसाठी जागा तयार करणं. त्या कामाची मोजदाद झाली आहे आणि त्यातून जे कळलं ते आपल्या नाल्यांनाही लागू पडतं.

सॅमनचं पिल्लू नदीत करतं काय?

सॅमन जन्मतो गोड्या पाण्यात, मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला परत नदीत येतो. मादी ओढ्याच्या तळाशी बारीक खडीत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. पॅसिफिक महासागराच्या बाजूचे बहुतेक सॅमन त्यानंतर मरतात. पिल्लं वाढतात ती आईबापांशिवाय.

सॅमनच्या जाती अनेक, आणि इथेच पहिली मेख आहे. पिंक आणि चम या जातींची पिल्लं खडीतून बाहेर पडली की लगेच समुद्राची वाट धरतात. कोहो जातीचं पिल्लू मात्र वर्षभर, कधी त्याहून जास्त, त्याच ओढ्यात राहतं. बोटाएवढा जीव, उन्हाळ्याचं आटलेलं पाणी आणि हिवाळ्याचे पूर, दोन्ही त्याला काढायचे असतात. ओढ्यात काही बदल केला तर त्याचा फायदा कोहोला होणार आणि पिंकला जवळजवळ नाही, हे यावरून सहज समजतं. गावात नवं वसतिगृह बांधलं तर उपयोग मुक्कामी मुलांना. एसटीने ये-जा करणाऱ्यांना त्याचं काय?

या पिल्लाला तीन गोष्टी लागतात: अन्न, विसावा आणि आडोसा. अन्न येतं वाहत्या पाण्याबरोबर, किड्यांच्या रूपाने. पण वाहत्या पाण्यात सतत पोहत राहिलं तर खाल्लेलं सगळं त्यातच जिरतं. म्हणून पिल्लू दगडामागच्या किंवा ओंडक्यामागच्या संथ पाण्यात थांबतं, शेजारून वेगाने जाणाऱ्या पाण्यातला किडा टिपतं आणि परत जागेवर येतं. लहानपणी आम्ही झाडाच्या सावलीत उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या गाडीतला ऊस ओढायचो, तसंच हे. गाडीमागे दिवसभर धावायचं म्हटलं असतं तर उसाची गोडी उरली नसती. सावली हवी आणि रस्ताही जवळ हवा. नदीत संथ आणि वेगवान पाणी असं शेजारी-शेजारी लागतं. सपाट, सरळ, एकसारख्या पात्रात ते मिळत नाही.

तिसरी गोष्ट आडोसा, आबांचं दपणं. वरून बगळे आणि खंड्या, खालून मोठे मासे. लपायला मुळी, फांद्या, दगडाखालची फट किंवा खोल डोहाची सावली लागते.

स्वच्छ नदी म्हणजे चांगली नदी?

तिथल्या लोकांनाही हे आधी उमगलं नव्हतं, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन ही दाट जंगलांची राज्यं. शेकडो वर्षं तिथल्या ओढ्यांत प्रचंड झाडं उन्मळून पडत आणि तिथेच राहत. लाकूडतोड वाढली तशी हे ओढे ओंडके वाहून नेण्याचे रस्ते झाले. वर तात्पुरते बांध घालून पाणी अडवायचं आणि बांध एकदम फोडून लोंढ्याबरोबर ओंडके खाली पाठवायचे. त्या लोंढ्यांनी तळ खरवडून निघाला. पुढे १९५० ते १९७० च्या दशकांत सरकारी खात्यांनीच ओढे 'साफ' करायला घेतले. पडलेल्या लाकडांमुळे सॅमनची वाट अडते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मासा वाचवायचा म्हणून त्यांनी माशाचं घर उचलून बाहेर टाकलं.

ओंडका नदीत काय करतो हे पावसाळ्यात शेताच्या चारीत बघता येतं. चारीत एखादं लाकूड आडवं अडकलं की पाणी त्याच्यावरून उडी घेतं आणि खाली खड्डा पाडतं. वरच्या बाजूला वेग मंदावतो, तिथे वाळू-खडी बसते. एका लाकडापासून खाली डोह तयार होतो, वर खडीचा पट्टा आणि बाजूला संथ पाण्याचा कोपरा. पिल्लाला डोह आणि कोपरा हवा असतो, आईला अंड्यांसाठी खडी हवी असते.

हे लक्षात आल्यावर उलटं काम सुरू झालं. १९३० च्या दशकातच अमेरिकेत बेरोजगार तरुणांना कामाला लावून ओढ्यांत हजारो लाकडी आणि दगडी बांध घातले गेले होते. १९८० नंतर त्या कामाने पुन्हा जोर धरला. ओंडके टाकायचे, दगडांचे पुंजके ठेवायचे, तारेच्या जाळीत दगड भरून ठेवायचे, बंद पडलेले फाटे मोकळे करायचे. या सगळ्याला मिळून 'अधिवास-रचना' म्हणतात, म्हणजे मासा राहू शकेल अशी जागा घडावी म्हणून नदीत मुद्दाम केलेली मांडणी. यापुढे मी नुसतं 'रचना' म्हणेन.

मग मासे वाढले का?

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यात पायाभूत मानला जातो. पश्चिम ऑरेगॉन आणि पश्चिम वॉशिंग्टनमधले ३० ओढे निवडले. प्रत्येक ओढ्यात ओंडके टाकलेला एक तुकडा आणि जवळचाच न टाकलेला एक तुकडा, अशी जोडी. खताचा परिणाम बघायला आपण चार सऱ्यांना खत देतो आणि शेजारच्या चार तशाच ठेवतो, तीच पद्धत. कोहोची पिल्लं ओंडक्यांच्या तुकड्यात उन्हाळ्यात १.८ पट आणि हिवाळ्यात ३.२ पट दाट आढळली.

हिवाळ्याचा आकडा जवळजवळ दुप्पट का? तिथे पाऊस आणि पूर हिवाळ्यात येतात. थंड पाण्यात माशाचं अंग जड झालेलं असतं, पोहण्याची ताकद कमी आणि वरून लोंढा. तेव्हा ज्याला कोपरा मिळाला तो टिकला. एरवी रिकामी वाटणारी जागा त्या काळात जीव वाचवते.

त्याच अभ्यासातली दुसरी नोंद कमी सांगितली जाते. सॅमनच्याच कुळातल्या ट्राउट माशाच्या वर्षभराच्या मोठ्या पिल्लांत उन्हाळ्यात काहीच फरक दिसला नाही, हिवाळ्यात दिसला. ट्राउटच्या अगदी लहान पिल्लांना उथळ खळाळ आवडतो. डोह वाढले म्हणून त्यांची चैन झाली नाही. एकाच ओंडक्याला एका जातीने होकार दिला आणि दुसरीने पाठ फिरवली. म्हणून 'मासे वाढले' हे वाक्य ऐकलं की विचारावं: कोणते, किती वयाचे, कोणत्या ऋतूत?

२०१० मध्ये २११ प्रकल्पांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. जवळपास तीन-चतुर्थांश ठिकाणी सॅमन-ट्राउट कुळातल्या माशांची दाटी वाढली होती. हे यश आहेच, पण चारातल्या एका ठिकाणी खर्च करूनही दाटी वाढली नाही हेही त्यातच आलं.

वाढले की नुसते गोळा झाले?

ही शंका शास्त्रज्ञांनीच काढली, आणि ती रास्त आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात माणूस मावत नाही. त्या दिवशी शिरगणती केली तर गावाची लोकसंख्या कितीतरी पट वाढली असं निघेल. प्रत्यक्षात ती माणसं शहाद्यातून, शिरपुरातून, गुजरातेतून आलेली असतात. तिथे गर्दी झाली म्हणजे त्यांची गावं तेवढी रिकामी झाली. ओंडक्याजवळ पिल्लांची दाटी दिसली तेव्हा नवी पिल्लं जगली, की वरची-खालची पिल्लं नुसती तिथे येऊन बसली?

याचं उत्तर मिळवायचं तर सबंध ओढ्याचा हिशेब लागतो. ओढ्याच्या तोंडाशी सापळा लावून समुद्राकडे निघालेली पिल्लं मोजतात, रचना करण्याआधी काही वर्षं आणि नंतर काही वर्षं, आणि शेजारच्या हात न लावलेल्या ओढ्यातही तसंच. ऑरेगॉनच्या किनाऱ्यालगत आल्सी आणि नेस्टुका या नद्यांच्या खोऱ्यांत अशी मोजणी झाली. तिथे हिवाळ्यात राहायची जागा, म्हणजे डोह आणि बाजूची संथ पाण्याची तळी, मुद्दाम वाढवली होती. समुद्राकडे जाणारी कोहो पिल्लं खरोखर वाढली. ही सारंगखेड्याची गर्दी नव्हती.

दुसरी युक्ती म्हणजे एकेका माशाला ओळख देणं. गुरांच्या कानात पिवळा नंबराचा बिल्ला असतो तसा तांदळाच्या दाण्याएवढा काचेतला टॅग पिल्लाच्या पोटात बसवतात. ओढ्यात अँटेना असते. तिच्यावरून मासा गेला की त्याचा नंबर नोंदला जातो. कोण कुठे राहिलं, कोण जगलं, कोण समुद्रात गेलं, हे नावानिशी कळतं म्हणायला हरकत नाही.

तरीही सगळीकडे होकार आला नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. ज्या गोष्टीची टंचाई असेल तीच पुरवली तर उपयोग होतो. केळीला पालाश कमी पडत असेल तर पाण्याचा तास वाढवून घड भरत नाही. ओढ्यात हिवाळी कोपऱ्यांची टंचाई असेल तर ओंडके कामाला येतात. पण अंडी घालायला मासाच परत येत नसेल, समुद्रात किंवा धरणाखाली अडकत असेल, तर कितीही खोल्या बांधा, त्या रिकाम्या राहतील.

पुरात वाहून जात नाही का?

जातं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दोन ते दहा वर्षांतून एकदा येतो तेवढ्या पुरानंतर, १५ ओढ्यांतल्या १६१ रचना तपासल्या होत्या. मोडलेल्या किंवा कामातून गेलेल्या रचनांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास निघालं. असा पूर काही शतकातून एकदा येणारा नव्हे.

सगळ्यात वाईट गत कुठे झाली? जिथे वरच्या डोंगरावर झाडतोड झाली होती, काठ ढासळत होते आणि गाळ भरभरून येत होता, तिथे. घराचं छप्पर गळत असताना भिंतीला रंग देऊन काय होणार! त्यानंतर कामाची रीत बदलत गेली. एक ओंडका तारेने घट्ट बांधून ठेवण्याऐवजी अनेक मोठी झाडं मुळांसकट टाकायची, ती थोडी सरकतील हे धरून चालायचं, आणि काठावर झाडं वाढू द्यायची, म्हणजे पुढचे ओंडके नदी आपले आपण घेईल.

ऑरेगॉनमधल्या ब्रिज क्रीक ओढ्यात तर कौतुक वाटावं असं काम झालं. तिथे बीव्हर नावाचा प्राणी काटक्या-चिखलाचे बांध घालतो, पण खोल खरवडलेल्या ओढ्यात त्याचे बांध टिकत नव्हते. मग माणसांनी तळात लाकडी खांब ठोकले, त्यांत फांद्या विणल्या आणि असे शंभराहून जास्त बांध करून ठेवले. पुढची डागडुजी बीव्हरने केली. २०१६ मध्ये निकाल आला: स्टीलहेड नावाच्या समुद्रात जाणाऱ्या ट्राउटची पिल्लं दाटीने वाढली आणि जास्त जगली, शिवाय बांधांनी त्यांची ये-जाही अडली नाही. खांब ठोकून फांद्या विणायच्या हे वाचताना मला आपल्याकडे पाट फिरवण्यासाठी नदीत घालतात ते काटक्या-मातीचे बांध आठवले. असे बांध पाझरतात, पुरात थोडे फुटतात आणि म्हणूनच जिवंत वाहत्या पाण्याला सोसतात.

पाणीच खराब असेल तर?

सिॲटल शहरातल्या ओढ्यांची गोष्ट ऐकून मन कळवळतं. शहराने ओढे नीट केले, ओंडके ठेवले, वाट मोकळी केली. कोहो परत आले. आणि पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच मादी उलटी होऊन मरायला लागली, पोटात अंडी तशीच. अनेक वर्षं कारण सापडेना. २०२० च्या डिसेंबरात ते जाहीर झालं: गाड्यांच्या टायरमध्ये रबर टिकावं म्हणून घातलेल्या एका रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे विष तयार होतं, आणि पावसाबरोबर ते रस्त्यावरून ओढ्यात येतं. घर चांगलं होतं, पण नळाला विष येत होतं. धुळ्यात पांझरेच्या पुलावरून खाली बघणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

आपल्याकडे सॅमन कुठे आहे?

नाही. पण समुद्रातून नदीत चढणारा मासा आपल्याला परका नाही. नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे भडोचला समुद्राला मिळते. तिथे पावसाळ्यात हिल्सा चढतो. पहिल्या पुराला प्रवाहाविरुद्ध वर येऊन अंडी घालणारे चढणीचे मासे तर गावोगाव माहीत आहेत.

फरक ऋतूचा आहे. सॅमनच्या पिल्लाची परीक्षा हिवाळी पुरात होते, आपल्या माशांची मे महिन्यात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, नदी तुटक होते आणि उरतात फक्त डोह. मरळ, वाम, शिंगाळा, लहानसहान सगळे मासे त्या चार-दोन डोहांत दाटीने दिवस काढतात. पाऊस आला की तिथूनच पुन्हा सगळ्या नदीत पसरतात. आपल्या नदीचं बियाणं डोहात ठेवलेलं असतं.

हे डोह घडवणारी नैसर्गिक रचनाही आपल्याकडे आहे. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. असा दगडाचा पट्टा नदीला आडवा आला की पाणी त्याच्यावरून पडतं आणि पायथ्याशी डोह कोरतं, अगदी त्या ओंडक्यासारखं.

माणसाने घातलेलं म्हणाल तर पांझरेवरचे फडाचे बंधारे, म्हणजे गावाने मिळून पाटाने पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचे. कमी उंचीचे, दगडी, पुराचं पाणी वरून जाऊ देणारे. मासा डोळ्यापुढे ठेवून ते कोणी बांधले नव्हते, पण त्यांच्याआड पाणी थांबतं आणि खाली खळाळही राहतो. उंच सिमेंटचा बंधारा चढणीच्या माशाला भिंतच असतो. केटी, म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी वेळेवर काढल्या तर वाट बऱ्याच अंशी उघडी राहते. फळ्या काढायला झालेला उशीर माशाचा एक हंगाम खातो.

विहिरीचं पाणी मोठं की मासा?

असं मला लोक थेट विचारतात, आणि मी विहिरीच्या बाजूने आहे. शिरपूर पॅटर्नमध्ये नाले रुंद आणि खोल करून मध्ये बंधारे घालतात ते पाणी जमिनीत मुरावं म्हणून. त्याला माशाच्या मापाने नापास करणं अन्याय होईल. मी त्याच पोकलेनच्या चालकाला आणि कामाचा नकाशा काढणाऱ्याला मागतो आहे ते फार थोडं आहे. बारमाही टिकणारा डोह आधी खुणेने मार्क करावा आणि त्याला हात लावू नये. खोदताना तळ गच्चीसारखा सपाट न करता उंचसखल ठेवावा. वर काढलेले मोठे दगड काठावर रचण्याऐवजी दहा-वीस तरी परत पात्रात, पुंजक्याने टाकावे. नाल्याची सावलीची एक बाजू झाडांसकट ठेवावी. मे महिन्यात ती सावलीच पाणी थंड ठेवते. वाळू संपूर्ण उपसू नये, कारण खडी-वाळूवर अंडी घालणारे मासे आपल्याकडेही आहेत. यातल्या कशानेही मुरणारं पाणी फारसं कमी होऊ नये, डिझेलही फार जास्त लागू नये.

पुराला अडथळा होईल, ही शंका गावाजवळ आणि पुलाजवळ खरी आहे. तिथे दगड-लाकूड नको. शिवारात, वस्तीपासून लांब, ही मुभा असते.

आणि मोजणी. काम झाल्यावर फोटो निघतात, पाण्याचा आकडा फलकावर लागतो, पण मासा कोणी मोजत नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. गाठी मारलेली दोरी आणि दगड घेऊन मेच्या शेवटी डोहाची खोली घ्यायची, साध्या तापमापकाने पाणी किती तापलंय ते बघायचं, आणि एकाच जाळ्याने, तेवढ्याच वेळा टाकून, कोणते मासे किती मिळाले ते लिहून सोडून द्यायचे. खोदलेल्या नाल्यात एक जागा आणि न खोदलेल्या नाल्यात एक. आबा आता जाळं टाकत नाहीत, पण कुठला डोह कोणत्या साली आटला हे त्यांना तोंडपाठ आहे. ही मोजणी लिहिणाऱ्या गावच्या शाळेतल्या आठवीच्या पोरांच्या वहीत पहिलं पान त्यांनी सांगितलेल्या डोहांच्या नावांचं आहे. अकरा नावं भरली. त्यांतल्या चार ठिकाणी या मे महिन्यात दोरी ओली झाली.